मदत हवी आहे : इंग्लंडमधला डायव्हिंग क्लब, ड्रायसूट आणि लहानपणीचा दमा

नमस्कार मंडळी,

सध्या मुक्काम लेस्टर. अंदमानात स्वराज द्वीपला पाडीचा (PADI, स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था) ओपन वॉटर हा पहिल्या पायरीचा कोर्स केलाय, म्हणजे कार्ड १८ मीटरपर्यंतचं. तारकर्लीलाही डुबकी मारून झाली आहे, पण तिथे इन्स्ट्रक्टरच मागून सिलिंडर धरून आपल्याला फिरवतो, त्यामुळे ती काही मी धरत नाही.

आता इथल्या क्लबात नाव घालायचा विचार आहे. ब्रिटिश सब-ॲक्वा क्लबची शाखा आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ पूलमध्ये सराव, मग सगळे पबमध्ये आणि अधूनमधून रविवारी स्टोनी कोव्ह. ही ग्रॅनाइटची जुनी खाण, पाण्यानं भरलेली, सुमारे ३५ मीटर खोल. आत टगबोट, हेलिकॉप्टर वगैरे मुद्दाम बुडवून ठेवलंय. शिकवणारे क्लबातलेच सभासद, हौसेनं शिकवतात. पाडीचं कार्ड क्लबच्या ओशन डायव्हर या पहिल्या पायरीच्या बरोबरीचं धरतात. पाहुणी म्हणून एकदा जाऊन आले, माणसं मोकळी वाटली.

घोडं अडलंय ते ड्रायसूटपाशी, म्हणजे आत पाणी शिरू न देणाऱ्या पोशाखापाशी. हिवाळ्यात खाणीतलं पाणी ५-६ अंशांवर येतं, आत पाणी शिरणाऱ्या साध्या वेटसूटमध्ये निभाव लागणं कठीण. क्लबातला एक सूट घालून पाहिला. गळ्याचं रबर इतकं घट्ट की टाल्कम पावडर फासून डोकं आत घालावं लागलं आणि कानातलं त्यात अडकलं ते वेगळंच. तर सूट विकत घ्यावा की भाड्यानं भागवावं? पाण्यात तो सांभाळायला जड जातो का?

दुसरं, लहानपणी दमा होता. आता पंप फक्त वसंतात, परागकणांच्या दिवसांत लागतो. मेडिकल फॉर्मवर 'हो' लिहिलं तर दार कायमचं बंद होईल का? नवऱ्याचं म्हणणं, लिहूच नकोस. मला ते पटत नाही.

तिसरं, ईस्टरला क्लब प्लिमथला जातोय, बुडालेल्या जहाजांवर. जावं का? जाणकारांनी कृपया लिहावं. (आईला यातलं काही माहीत नाही, इथे आमचे नातेवाईक असतील तर तोंडावर बोट.)

प्रतिसाद १

ताई, फॉर्मवर खरं तेच लिहा. दमा आहे म्हणून इथे सरसकट नाही म्हणत नाहीत. परागकणांसारख्या ॲलर्जीचा, नीट आटोक्यात असलेला दमा चालू शकतो. थंडीनं, व्यायामानं किंवा मानसिक ताणानं उसळणारा मात्र चालत नाही, कारण पाण्याखाली हे तिन्ही एकदम वाट्याला येतात. 'हो' लिहिलंत की डायव्हिंगचे वैद्यकीय रेफरी (डॉक्टर) असतात त्यांच्याकडे जायचं, ते बघून ठरवतात. परवानगी मिळाली तरी आराम पडण्यासाठीचा पंप लागला असेल तर पुढचे ४८ तास पाण्यात जायचं नाही. लपवून गेलात आणि वर येताना श्वासनलिका आवळली, तर आत अडकलेली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. नवरोबांना हे वाचायला द्या.

प्रतिसाद २

सूट लगेच घेऊ नका. आधी क्लबकडून ड्रायसूटचं रीतसर प्रशिक्षण घ्या, तेही उथळात. गंमत अशी की सूटमध्ये हवा असते. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, हवा आकसते आणि सूट अंगाला चिमटे काढायला लागतो, मग छातीवरचं बटण दाबून थोडी हवा भरायची. वर येताना तीच हवा फुगते. ती डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून वेळेवर सोडली नाही तर बाटलीच्या बुचासारखे वर उसळाल. डोकं खाली, पाय वर झाले की हवा पायांत शिरते, आणि तिथे व्हॉल्व्ह नसतो. यातून सुटायची कोलांटी पूलमध्येच घोटून घ्या.

पुढे घेतलात तर सेकंडहँड बघा. गळ्याचं आणि मनगटाचं रबर बदलून मिळतं, पण बूट आणि उंची मापाचीच हवी. नखं कापून जा, कानातलं-मंगळसूत्र घरी ठेवा, लेटेक्स टरकन फाटतं.

प्लिमथबद्दल : जेम्स ईगन लेन हे १९४५ साली टॉर्पेडोनं बुडालेलं मालवाहू जहाज आणि सिला ही २००४ मध्ये कृत्रिम रीफ म्हणून बुडवलेली युद्धनौका, दोन्ही जवळजवळ आहेत. तळ २० मीटरच्या खाली जातो, त्यामुळे तुमच्या कार्डावर वरवरच फिरायचं. सिलाच्या आत तर अजिबात शिरू नका. एप्रिलात समुद्र १० अंशांच्या आसपास असतो. तोवर ड्रायसूटमध्ये खाणीत हात बसला असेल तरच जा, नाहीतर बोटीवर मदतनीस म्हणून जा. क्लबात तेही काम लागतंच.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. रेफरींची वेळ मागते आणि ईस्टरला बोटीवरच बसते. नवऱ्यानं वाचलं, गप्प आहे. लेस्टरच्या आसपास कुणाकडे पाच फूट दोन इंचाच्या बाईला होईल असा अंडरसूट (ड्रायसूटच्या आत घालायचा उबदार पोशाख) पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.