वादळात देवाला हाक मारली, मग गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला: न्यूटन बदलला कधी?

चौकस

मंडळीत पापी माणूस कसा पालटतो हे सांगायचं झालं की जॉन न्यूटनचं उदाहरण ठरलेलं. मार्च १७४८. अटलांटिकमध्ये वादळ, 'ग्रेहाउंड' जहाजात पाणी शिरतंय, आणि शिवीगाळीत जुन्या खलाशांनाही मागे टाकणारा बावीस वर्षांचा पोरगा देवाकडे दया भाकतो. जहाज कसंबसं आयर्लंडच्या किनाऱ्याला लागतं. पुढे तो पाळक होतो, 'अमेझिंग ग्रेस' हे प्रसिद्ध भक्तिगीत लिहितो, आमेन. मधली वर्षं कुणी सांगत नाही.

मधली वर्षं अशी. वादळातून वाचलेला न्यूटन त्याच वर्षी गुलाम वाहणाऱ्या जहाजावर मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी म्हणून चढला. १७५० मध्ये कप्तान झाला आणि कप्तान म्हणून त्याने तीन फेऱ्या केल्या. बायकोला प्रेमाची पत्रं, रविवारी खलाशांना जमवून प्रार्थना, आणि डेकखाली साखळीत माणसं. डिसेंबर १७५२ मधली त्याचीच रोजनिशी आहे. गुलाम बंड करणार असा संशय आला तेव्हा त्याने काही पोरांना बेड्या ठोकल्या आणि कबुली काढण्यासाठी त्यांच्या अंगठ्यांना लोखंडी चाप लावले. 'थोडेसेच' लावले, असंही लिहून ठेवलंय. १७५४ मध्ये समुद्र सोडला तो आजाराचा झटका आला म्हणून. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जाहीर लिखाण केलं थेट १७८८ मध्ये. वादळानंतर चाळीस वर्षांनी.

माझं म्हणणं एवढंच की 'एका रात्रीत नवा माणूस झालो' या थाटाच्या साक्षी बंद कराव्यात. त्या काळात आपण पुरेपूर अर्थाने विश्वासू नव्हतो असं न्यूटननेच पुढे लिहिलंय. पण त्या रात्रीची प्रार्थना मी खोटी मानत नाही. तिथे सुरुवात झाली. सुरुवात म्हणूनच ती सांगावी.

खडूस काका

म्हणजे क्षमा रोख आणि सुधारणा चाळीस वर्षांच्या उधारीवर. झकास.

तुमच्या धर्मातली हीच गोष्ट मला पटत नाही. क्रुसावरचा चोर शेवटच्या घटकेला दोन वाक्यं बोलतो आणि त्याच दिवशी सुखलोकात जातो. ज्यांच्या घरी त्याने चोऱ्या केल्या त्यांना कुणी विचारलं? न्यूटनच्या जहाजाच्या तळाशी जी माणसं मेली त्यांच्या वतीने 'झालं गेलं विसरा' म्हणायचा अधिकार कुणाला, अगदी देवाला तरी, कुठून आला? आमच्याकडे वाल्याला निदान अंगावर वारूळ चढेपर्यंत बसावं लागलं.

पापलेट_वसई

काका, 'सॉरी' म्हणा आणि मोकळे व्हा असं तुम्हाला कुणी सांगितलं? आम्हा कॅथलिकांत पापनिवेदनाला गेलं की फादर पापक्षमा देतात हे खरं, पण प्रकरण तिथे मिटत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद १४५९ उघडून बघा. चोरी केली असेल तर माल परत करायचा, कुणाची बदनामी केली असेल तर ती भरून काढायची. पापक्षमेने पाप जातं, पापाने केलेली नासधूस जात नाही, असं तिथे स्वच्छ म्हटलंय.

ऐकीव नाही, डोळ्यांसमोरचं सांगते. आमच्या गावात एकाने चुलतभावाच्या वाडीत रातोरात बांध सरकवला होता. हातभर असेल. प्रायश्चित्तकाळात हा पापनिवेदनाला गेला. आत काय बोलणं झालं ते देव आणि फादर जाणोत, पण इस्टरच्या आधी मजूर लावून बांध मागे घेतला गेला. मजुरीही यानेच दिली. चुलतभाऊ अजून त्याच्याशी बोलत नाही, हा भाग वेगळा.

आणि बायबलातला तो लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय विसरू नका. लूकच्या १९व्या अध्यायात तो म्हणतो, अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देतो, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. त्यानंतर येशू म्हणतो की आज या घराला तारण मिळालं. न्यूटनने चौपट सोडा, एकपट तरी परत केलं का?

नगरी नाना

पापलेटताई, तोच अध्याय जरा वरून वाचा. जक्कय अजून उंबराच्या झाडावर आहे, त्याने कुणाला छदाम दिलेला नाही, तेव्हाच येशू म्हणतो, खाली ये, आज मला तुझ्याकडे उतरायचंय. लोक कुरकुरले ते त्यावरच. आधी बोलावणं, मग चौपट. हा क्रम उलटा केला की क्षमा विकत घेता येते, आणि मग ज्याच्या खिशात जास्त त्याला जास्त क्षमा. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर पापमुक्तीच्या पत्रांच्या विक्रीवरच उखडला होता.

काका, तुमचा टोमणा पौलाच्या कानावरही गेला होता बरं का. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःच विचारतो, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? आणि स्वतःच उत्तर देतो, कधीच नाही. आणि वाल्याचं काय सांगता? त्याने खड्यांनी भरलेले रांजण वारुळाने रिकामे झाले का?

न्यूटनबद्दल एक राहिलं. कप्तान असताना आपण एक प्रकारचे तुरुंगाधिकारीच आहोत असं त्याला वाटायचं, आणि यापेक्षा माणुसकीचं काम मिळावं म्हणून तो प्रार्थना करत होता. हेही त्यानेच लिहिलंय. मन अगदीच मेलेलं नव्हतं.

मी मंडळीतर्फे तुरुंगात भेटीला जातो. जन्मठेपेचा एक कैदी आहे. त्याने माणूस मारलाय. त्याने चौपट काय परत करायचं? 'तू सुधारून दाखव, मग देव तुझ्याकडे बघेल' असं मी त्याला सांगू? तो दुसऱ्या दिवशी गळफास घेईल.

निळा पक्षी

नाना, कैद्याला आशा द्या, पण सोबत अंगुलिमालाची गोष्टही सांगा. तो खुनी दरोडेखोर भिक्खू झाला, अर्हत म्हणजे पूर्ण मुक्त झाला, आणि तरीही भिक्षेला गेला की अंगावर दगडधोंडे येत. डोकं फुटलं, भिक्षापात्र फुटलं, चीवर फाटलं. रक्तबंबाळ होऊन आला तेव्हा बुद्धांनी त्याला सांगितलं की सहन कर, केलेल्याचं फळ इथेच भोगतोयस. माणूस बदलला हेही खरं, दगड बसले हेही खरं. तुमच्या साक्षींमध्ये दगडांचा भाग गायब असतो.

पण माझा खरा मुद्दा वेगळा. न्यूटनला त्या सहा वर्षांत पापाची जाणीव नव्हती असं नाही, भरपूर होती. शिव्या देणं पाप, रविवार न पाळणं पाप. माणसं विकणं त्याच्या यादीत नव्हतं, कारण आजूबाजूच्या कुणाच्याच यादीत नव्हतं. जहाजाचे मालक प्रतिष्ठित, धंदा कायदेशीर. मनुष्य गुडघे टेकून कितीही रडो, समाजाने ज्याला पापच म्हटलं नाही त्याचा पश्चात्ताप तो कसा करणार?

आमच्या घरात आजीच्या बाजूने ख्रिस्ती नातेवाईक आहेत. 'जुने ते होऊन गेले, पाहा ते नवे झाले आहे' हे वचन फ्रेम करून भिंतीवर. त्याच भिंतीखाली बसून स्थळ बघताना विचारतात, 'तुम्ही मूळचे कोण?' गोव्यात कितीतरी पिढ्या काही कोन्फ्रारीत, म्हणजे चर्चच्या मानाच्या मंडळांत, फक्त वरच्या जातीच्या ख्रिस्तींनाच जागा होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दर्जा नाही. कायदा म्हणतो जात गेली, सोयरे म्हणतात आहे. मग नवं नक्की काय झालं?

खडूस काका

+१. धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

अक्षता

न्यूटनला जरा बाजूला बसवू. आपल्या पंडिता रमाबाई बघा. बाप्तिस्मा १८८३ मध्ये, इंग्लंडात वाँटेजला. पण पुढे साक्ष लिहिताना त्या म्हणतात की नंतरची आठेक वर्षं माझ्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. आता त्या वर्षांत बाई काय करत होत्या? अमेरिकाभर हिंडून विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. म्हणजे न्यूटनच्या बरोबर उलट. त्याला मनःशांती आधी मिळाली आणि हात बरेच नंतर स्वच्छ झाले. बाईंचे हात आधीपासून कामात होते, मनाला स्वस्थता नंतर लाभली. तेव्हा 'आधी क्षमा की आधी सुधारणा' या भांडणात चौकस, नाना, पापलेट तिघेही एकच साचा धरून बसलेत असं मला वाटतं.

दुसरं, आणि हे मला जास्त टोचतं. इथे सगळे पाप करणाऱ्याविषयी बोलताय. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी 'कृपा सदन' काढलं ते समाज ज्यांना 'पतित' म्हणायचा त्या बायकांसाठी. त्यांतल्या किती जणींनी काही केलं होतं आणि किती जणींच्या बाबतीत दुसऱ्याने केलं होतं? १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या, कारण त्या उपाशी मुलींच्या मागावर त्यांना नासवणारे लोक होते. अशा मुलीला 'तू पापी आहेस, पश्चात्ताप कर' हे पहिलं वाक्य असू शकत नाही. अजूनही नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला मंडळीत काय सांगतात? क्षमा कर, त्याच्यासाठी प्रार्थना कर, प्रभू त्याला पालटेल. त्याला पालटायला चाळीस वर्षं लागली तर हिने तोवर हाडं मोडून घ्यायची? नव्या माणसाची वाट बघायचं काम नेहमी मार खाणाऱ्याकडेच का येतं?

चौकस

अक्षताताई, साचा धरलाय हे मान्य नाही. न्यूटनबद्दल मी क्रम सांगितला तो घडला तसा, असाच घडावा असा नियम केला नाही. मार खाणाऱ्या बाईबद्दल मात्र तुमच्या बाजूने उभा आहे. क्षमा करायची म्हणजे त्याच घरात राहायचं, असं नव्या करारात कुठेही लिहिलेलं नाही.

निळा पक्षी, यादीचा मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धा. सगळ्यांच्या यादीत नव्हतं म्हणता, तर मग यादी बदलली कुणी? क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक कितीतरी आधीपासून ओरडत होते, आणि तेही त्याच बायबलावर हात ठेवून. डिसेंबर १७८५ मध्ये तरुण खासदार विल्बरफोर्स, ज्याने पुढे पार्लमेंटात गुलामव्यापाराविरुद्धचा लढा चालवला, लपतछपत न्यूटनकडे सल्ल्याला आला. राजकारण सोडून देवाच्या सेवेला लागू का, असं त्याच्या मनात होतं. न्यूटनने त्याला पार्लमेंटातच राहायला सांगितलं. १७८८ मध्ये जी पुस्तिका काढली तिच्यात म्हातारा रडगाणं गात बसला नाही. डेकखाली माणसं दोन थरांत, कपाटातल्या पुस्तकांसारखी एकमेकांना चिकटून कशी झोपवतात, हे त्याने जसंच्या तसं लिहिलं. हे फक्त त्या जहाजावरच्या कप्तानालाच सांगता येत होतं. माझी ही कबुली फार उशिरा येतेय, हेही तिथेच म्हणाला. पुढे चौकशीपुढे साक्षही दिली. मार्च १८०७ मध्ये व्यापारबंदीचा कायदा झाला, डिसेंबरात न्यूटन वारला. आशा म्हणतात ती मला इथे दिसते. आपलं जुनं पाप दुसऱ्या कुणाच्या सुटकेसाठी पुरावा म्हणून कामाला आलं.

खडूस काका

पुरावा म्हणून कामाला आलं, छान. आता हिशेब पूर्ण करा. १८०७ मध्ये नुसता व्यापार थांबला, गुलामी नाही. गुलामी बंद करणारा कायदा १८३३ चा, आणि त्यात दोन कोटी पौंड भरपाई दिली. कुणाला? गुलामांच्या मालकांना! ज्यांच्या पाठी फोडल्या त्यांना दमडी नाही. ताईंच्या परिच्छेद १४५९ चं आणि जक्कयच्या चौपटीचं त्या ख्रिस्ती पार्लमेंटात कुणाला स्मरण झालं नाही वाटतं.

पापलेट_वसई

काका, यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी शोधणारही नाही. पण जक्कयचा हिशेब तिथे लावायला हवा होता असं तुम्हाला वाटतं, म्हणजे जक्कय पटला म्हणायचा. :)

नाना, एक विचारायचं होतं. तुमच्या त्या कैद्याने ज्याला मारलं, त्याच्या घरच्यांना कुणी भेटतं का? की सगळी वर्दळ तुरुंगाकडेच?

नगरी नाना

प्रश्न वर्मी लागला. मी आणि आमचे पाळकसाहेब गेलो होतो. त्या घरच्या बाईंनी दारातूनच परत पाठवलं, आणि योग्य केलं. कैद्याचा निरोपही आम्ही तोंडातून काढला नाही. तो तुरुंगातल्या कामाची मजुरी साठवतो, मयताच्या मुलीच्या शिक्षणाला द्या म्हणतो. मध्यस्थामार्फत विचारलं. त्यांना ते पैसे नकोत.

खडूस काका

नको म्हणायचा हक्क त्यांचा. तुमच्या देवाने त्याला क्षमा केली असली तरी त्यांनी ती करायलाच हवी असं नाही. एवढं मान्य असेल तर माझं या धाग्यावर भांडण नाही.

नगरी नाना

मान्य आहे, आणि कैद्यालाही हेच सांगितलं. त्याने विचारलं, साठवणं बंद करू का? मी म्हटलं, ते तुझं तू ठरव. या महिन्याचेही पैसे त्याने बाजूला टाकलेत.

निळा पक्षी

नाना, त्या मुलीचं शिक्षण सध्या कशावर चाललंय ते कळलं तर व्यनि करा. त्याच्या पैशांशी संबंध न ठेवता बघू काही करता येतंय का.