फ्री डिश स्वतः लावतोय, स्ट्रेंथ ९० पण क्वालिटी शून्य

गच्चीवाला:
नमस्कार मंडळी, सातारा तालुक्यातलं गाव आहे. केबल बंद केली, आईला सह्याद्री आणि बातम्या एवढंच लागतं म्हणून डीडी फ्री डिश आणलीय, छत्री, एलएनबी (छत्रीपुढच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा), बॉक्स, वायर सगळं. लावणारा माणूस दोन दिवस नुसता "आलोच" म्हणतोय, म्हटलं आपणच लावू, त्यात काय एवढं. तर कालपासून गच्चीवरच आहे. मोबाईलच्या कंपासने १३१ डिग्री धरली, ॲपने उंची ६० डिग्री दाखवली म्हणून छत्री तेवढी मागे वाकवली, आता बिचारी आभाळाकडे आ करून बसलीय. बॉक्सवर स्ट्रेंथ ९० टक्के, क्वालिटी शून्य. शेजारच्या काकांची एअरटेलची छत्री आहे, तिच्या रेषेत पण फिरवून बघितली, तेच. ९० टक्के सिग्नल येतोय म्हणजे दिशा बरोबरच असणार ना? मग बॉक्स खराब आहे का? आई खालून "आलं का रे" आणि मी वरून "काय दिसतंय", कालपासून हेच चालूय.

रिमोट_हरवला:
बॉक्स बदलून आण भावा, सरळ हिशोब.

ओळंबा:
अहो थांबा, बॉक्स नेऊ नका परत. स्ट्रेंथवर अजिबात जाऊ नका, एलएनबीला करंट पोचला की स्ट्रेंथ दिसतेच, छत्री भिंतीकडे तोंड करून ठेवली तरी दिसेल. बघायची ती क्वालिटी, म्हणजे सॅटेलाइटचा सिग्नल किती साफ येतोय ते.
तुमची चूक उंचीत आहे. ६० डिग्री बरोबर आहे पण ती सॅटेलाइटची, क्षितिजापासून वर. आपल्या घरगुती छत्र्या ऑफसेट असतात, एलएनबीचा दांडा खालच्या कडेतून तिरका येतो बघा, म्हणजे छत्री जिकडे तोंड करून दिसते त्याच्या २०-२५ डिग्री वरचं ती खरं बघत असते. म्हणून छत्री उभी धरून साधारण ३५ डिग्रीच मागे कलवा, एवढी उभी बघून चुकल्यासारखं वाटेल, वाटू दे.
आणि काकांची छत्री बघून उपयोग नाही. फ्री डिश जीसॅट-१५ सॅटेलाइटवर आहे, ९३.५ डिग्री पूर्व रेखांश (कंपासची डिग्री नव्हे). एअरटेल १०८.२ वर, म्हणजे ती आणखी पूर्वेला वळलेली आणि खाली झुकलेली असणार. बघायचीच असेल तर डिश टीव्हीची बघा, ते ९५ वर आहेत, तुमची तिच्यापेक्षा किंचित दक्षिणेकडे.
सगळ्यात आधी पाईप ओळंब्यात आहे का ते बघा. पाईपच कलला असेल तर छत्री फिरवताना उंची पण बदलत जाते आणि माणूस वेडा होतो. कंपास लोखंडी पाईपजवळ धरू नका, पत्र्यावर तर नाहीच, चार पावलं लांब उभं राहून समोरचं झाड नाहीतर टाकी खूण म्हणून धरा. बॉक्समधे एलएनबी युनिव्हर्सल ९७५०/१०६००, फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. मग छत्री केसभर फिरवायची, तीन सेकंद थांबायचं, परत केसभर. मीटर उशिरा हलतो, घाईत फिरवलं की जागा निघून जाते. क्वालिटी आली की एलएनबी होल्डरमधे थोडा थोडा फिरवून बघा, अजून वाढते.

रिमोट_हरवला:
बरं मी शब्द मागे घेतो 😄 पण कनेक्टर उघडून बघ एकदा, वायरच्या जाळीची एखादी तार मधल्या तांब्याला टेकत असेल तर पण गंडतं. आणि उघडताना बॉक्स बंद कर.

कोकणी_मेवा:
आमच्याकडे सगळं बरोबर असून येत नव्हतं, मधे माड होता. ते शोधायची सोपी युक्ती, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या आसपास सूर्य बरोबर या सॅटेलाइटच्या मागे येतो (तेव्हा काही मिनिटं चित्र पण जातं, घाबरू नका), त्या वेळेला छत्रीच्या जागेवर झाडाची सावली पडली की समजायचं झाड आड येतंय. आता थांबायचं नसेल तर जागाच बदला. पावसाळ्यात मोठी सर आली की जाणारच, त्याला इलाज नाही, आणि बाहेरच्या कनेक्टरला टेप गुंडाळा नाहीतर पाणी वायरीतून आत जातं.

गच्चीवाला:
आलं!!! पाईपच कलला होता, दोन वॉशर घालून ओळंब्यात घेतला, छत्री उभी केली आणि अर्ध्या तासात क्वालिटी ६८. ओळंबा दादा, खरंच वाटेना एवढी उभी ठेवायची. काका बघायला आले होते, म्हणाले "ही पडलीय वाटतं पुढे". आता एकच, फुकटचे चॅनेल म्हणून बॉक्स पण स्वस्तातला जुना एमपेग-२ (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) वाला घेतला, काही चॅनेल दिसत नाहीयेत, ते त्यामुळेच का?

ओळंबा:
त्यामुळेच. एमपेग-४ वाले चॅनेल जुन्या बॉक्सला उलगडत नाहीत. सह्याद्री दिसतंय ना, मग आईला विचारून बघा, बाकीचे लागतात का.