एमआरएसएचा संसर्ग आणि आपली व्यायामशाळा

सचिव:
सर्व सभासदांना नमस्कार. एका सभासदाच्या मांडीवरील गळवाच्या पुवाची तपासणी झाली असता त्यात एमआरएसए (मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस) हा जंतू आढळला आहे आणि इतरांनी काळजी घ्यावी म्हणून त्यांनी स्वतःच हे समितीला कळवले आहे. त्यावरून व्यायामशाळा बंद ठेवण्याची मागणी होत आहे. संसर्ग-नियंत्रणाचे काम केलेल्या डॉक्टरताईंनी कृपया मत द्यावे. सभासदाच्या नावाची चर्चा येथे नको.

डॉक्टरताई:
नमस्कार. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू मुळात दुर्मीळ नाही. साधारणपणे दर तीन माणसांमागे एकाच्या नाकात तो काहीही त्रास न देता राहत असतो. एमआरएसए हा त्याचाच एक प्रकार असून त्याने मेक-ए नावाचे जनुक मिळवलेले असते. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे जंतूची पेशीभित्तिका बांधणाऱ्या प्रथिनांना चिकटतात आणि ते बांधकाम थांबवतात. परंतु या जनुकामुळे जंतू असे पर्यायी प्रथिन तयार करतो की औषध त्याला नीट चिकटतच नाही, आणि मग त्या कुळातील बहुतेक सर्व औषधे निरुपयोगी ठरतात. याच कुळातील मेथिसिलिन १९५९ साली वापरात आले आणि १९६१ मध्येच ब्रिटनमधून त्याला दाद न देणाऱ्या जंतूची नोंद झाली.

तिसऱ्या मजल्यावरचे काका:
ताई, हा तर रुग्णालयात जडणारा संसर्ग ना? आपले सभासद तरुण, धडधाकट आहेत आणि रुग्णालयाची पायरीही चढलेले नाहीत.

डॉक्टरताई:
काका, १९९० च्या दशकापर्यंत ही समजूत बरीचशी बरोबर होती. नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभागातील वास्तव्य, डायलिसिस, शिरेत किंवा मूत्रमार्गात ठेवलेली नळी आणि आधी घेतलेली प्रतिजैविके हे धोके आजही तितकेच खरे आहेत. मात्र १९९९ साली अमेरिकेतील मिनेसोटा व नॉर्थ डकोटा या राज्यांतील चार मुलांच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध झाली, आणि त्या मुलांना यांपैकी कोणताच नेहमीचा धोका नव्हता. जंतूचे हे समाजात पसरणारे वाण वेगळे होते, आणि ते मुख्यतः गळवे व त्वचेचे संसर्ग घडवते. कित्येक रुग्ण तर ‘कोळी चावला’ अशी तक्रार घेऊन येतात, कोळी मात्र कोणीच पाहिलेला नसतो!

आपल्या प्रश्नाशी सर्वांत जवळचे उदाहरण २००३ चे आहे. सेंट लुईस रॅम्स या अमेरिकन फुटबॉल संघातील पाच खेळाडूंना मिळून आठ वेळा हा संसर्ग झाला, आणि तो कृत्रिम हिरवळीवर घसरून खरचटलेल्या जागीच झाला. अंगाला अंग घासणे, उघडी जखम, एकच टॉवेल अनेकांनी वापरणे आणि दाटीवाटी या गोष्टी एकत्र आल्या की जंतूला वाट मिळते. म्हणूनच कुस्तीगीर, सैन्यातील नवे जवान आणि कैदी यांच्यात असे उद्रेक वारंवार दिसले आहेत. नुसत्या अस्वच्छतेला दोष देणे मला अपुरे वाटते, कारण निगा राखणाऱ्या माणसालाही खरचटते. पशुपालनातून येणारे आणखी एक वाण आहे, पण त्याचा आपल्याशी संबंध नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू:
मग आम्ही सगळ्यांनी नाकाची तपासणी करून घ्यावी का? घरात पूर्वीच्या गोळ्या शिल्लक आहेत, त्या आधीच घेतल्या तर चालेल का?

डॉक्टरताई:
काकू, गोळ्या मुळीच घेऊ नका. प्रतिजैविकाने साधे जंतू मरतात आणि त्यांची रिकामी झालेली जागा प्रतिरोधक जंतूला मिळते. २०१९ या एका वर्षात जगभरात एमआरएसएच्या प्रतिरोधामुळे एक लाखाहून अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, त्यामुळे हा विषय हलका नाही. सरसकट नाकाच्या तपासणीची मात्र गरज नाही; घरात एकामागून एक गळवे होऊ लागली तर डॉक्टर ती सुचवू शकतात. गळू झाल्यास ते दाबू नये. अनेकदा डॉक्टरांनी चीर देऊन पू काढणे हाच मुख्य उपचार असतो. ताप आला, लाली पसरू लागली किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर वाट न पाहता दाखवावे.

व्यायामशाळा बंद करण्याचे कारण मला दिसत नाही. संबंधित सभासदांनी जखम कोरडी होईपर्यंत तेथे येऊ नये. इतरांनी खरचटलेली जागा झाकावी, टॉवेल व दाढीचे ब्लेड स्वतःचेच वापरावे आणि यंत्राचा वापर झाल्यावर घामाची जागा जंतुनाशकाने पुसावी. लिफ्टमध्ये संबंधित सभासदांसोबत उभे राहण्यास कोणतीही हरकत नाही.

सचिव:
आभारी आहे, ताई. व्यायामशाळा सुरूच राहील आणि जंतुनाशक व पुसण्याचे कागद उद्यापासून प्रत्येक यंत्राजवळ ठेवले जातील.