हँडब्रेक सोडला तरी मागचं चाक फिरेना (कोलवा, गोवा)

चाक_जाम: पेट्रोल हॅचबॅक, 6 वर्षं जुनी, मागे ड्रम ब्रेक. समुद्राजवळ, उघड्यावर, ऐन पावसात 3 आठवडे उभी होती, हँडब्रेक ओढलेला. आता लिव्हर खाली केला तरी डावं मागचं चाक अडलंय. पहिल्या गियरला क्लच सोडला की गाडी मागून खाली बसते आणि बंद पडते. पुढच्या डिस्कही तांबूस झाल्यात. टोइंगशिवाय सुटेल?

तिसरा_गियर: डिस्कचं सोडा, पाच-सहा ब्रेकमध्ये पुसलं जाईल. ड्रमला आतून लायनर (घासून ब्रेक लावणारा थर) गंजाने चिकटलाय. आधी रिव्हर्स, मग पहिला, असे हलके दोन-तीन झटके द्या. बहुतेकदा ‘टक्’ आवाज होऊन सुटतं. क्लचचा वास आला की थांबा, नाहीतर लायनरपायी क्लचप्लेट जाईल.

नाही सुटलं तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा, गाडी गियरमध्ये ठेवा, जॅक लावून मागचं चाक काढा. हातोडा ड्रमच्या तोंडावर, स्टडच्या (चाक बसतं त्या बोल्टांच्या) मधे मारायचा. कडेवर नाही, बीड (ओतीव लोखंड) आहे, टवका उडतो. पुष्कळ ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत 8 मि.मी.चे बोल्ट घालून आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळा, ड्रम सरळ बाहेर येतो. एकच बोल्ट आवळत बसलात तर तिरका होऊन अडकेल.

आत गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. लायनरला तेल लागलं की तो बाद.

लाल_माती: ड्रम उघडलाच आहे तर केबलही बघा. लिव्हर वर-खाली करायला दुसऱ्याला बसवा. खाली केल्यावर ब्रेक-शूच्या (लायनर ज्यावर बसतो ती कमान) जवळची पट्टी पूर्ण मागे आली नाही, तर केबल आवरणाच्या आत गंजलीय. ती बदलाच. तेल सोडून चार दिवस चालते, परत अडकते. व्हील सिलिंडरचं (ब्रेक ऑइलने शू ढकलणारा छोटा सिलिंडर) रबर बोटाने उचला, आत ओल दिसली तर गळतंय. लायनर आणि ड्रमला 120 नंबरचा पॉलिशपेपर, धूळ ओल्या फडक्याने. फुंकू नका, ती नाकात जायची गोष्ट नव्हे.

जोडल्यावर 5 किमी चालवून दोन्ही मागच्या चाकांजवळ हात न्या. एकच बाजू तापली असेल तर शू अजून घासतोय.

चाक_जाम: पहिल्याच रिव्हर्स झटक्यात सुटलं! केबल बघून घेतो. पुढच्या वेळी हँडब्रेक न लावता उभी कशी करायची? आणि खालून अँटी-रस्ट कोटिंग मारून घेऊ का?

फेरीबोट_रोजची: गंजावर कोटिंग म्हणजे जखमेवर प्लास्टिक. ओल आत कोंडते, वरून काळं छान दिसतं. त्यापेक्षा चाकांवरच्या पत्र्याच्या आतल्या दुमडीत साचलेली लाल माती काढा. ती खारी ओल धरून ठेवते. दारांच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा.

चोडण बेटाच्या फेरीबोटीवर भरतीला रॅम्पवर चाकं पाण्यात जातात, तेही खारंच. वर आल्यावर 200-300 मीटर ब्रेक अलगद दाबत चला म्हणजे लायनर सुकतो. मग लगेच हँडब्रेक ओढून उभी करू नका. घरी गोड्या पाण्याने खालून धुवा.

उभी करताना सपाट जागा, पहिला गियर, चाकाला लाकडी गुटका. पात्रांव, चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) तुकडा लावू नका. पावसात भिजून चाकाखाली त्याचा भुगा होतो.