प्रतिसाद : एल्डारवर बंदी कशाला?

'बॅटलफ्लीट गॉथिक' या टेबलावर खेळायच्या अंतराळयुद्धाच्या खेळात एल्डार या परग्रहवासीयांच्या ताफ्याशी खेळणंच अन्याय्य, त्यांच्यावर बंदी घाला, असं एका पोस्टमध्ये म्हटलंय. मला पटत नाही. हलायचं, मारायचं, पुन्हा हलायचं, ही त्यांची खरी ताकद. पण त्यांना ढाली नाहीत, आणि लागलेला फटका इतर जहाजांपेक्षा फार सहज 'क्रिटिकल' होतो, म्हणजे जहाजाचं जास्तीचं, गंभीर नुकसान करतो. त्यात थेट सूर्याकडे, म्हणजे टेबलाच्या ज्या कडेला सूर्य मानलाय तिकडे, तोंड केलं की त्यांचा वेग पडतो. म्हणून खेळ सुरू होताच सूर्याची कड पाहा आणि माघारीला त्यांना त्याच दिशेला जावं लागेल अशी फळी लावा. पाठलाग तर अजिबात नको! आपली जहाजं एकमेकांजवळ ठेवा. टेबलावर लघुग्रह मात्र मोजकेच मांडा. मारा करून एल्डारना लघुग्रहांआड लपता आलं तर समोरच्याला उत्तरच देता येत नाही. माझ्या मते असमतोल तिथेच आहे.