मदत हवी आहे: होडी उलटण्याचा सराव पहिल्याच दिवशी घ्यावा का, आणि घाबरलेल्या मुलाला सफरीला कसे न्यावे?

नमस्कार.

मुलांच्या एका निवासी उन्हाळी शिबिरात शिडाच्या होड्या चालवायला शिकवण्याची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मुले नऊ ते पंधरा वर्षांची असतात, शिबिर चार आठवडे चालते आणि होड्या एका मोठ्या तळ्यात सोडल्या जातात. येत्या हंगामाचा कार्यक्रम लिहायला घेतला आहे, पण पहिल्या आठवड्याच्या पानावरच हात थांबला आहे. ज्यांनी लहान मुलांना पाण्यावर शिकवले आहे, किंवा ज्यांची मुले अशा शिबिरांतून शिकून आली आहेत, त्यांनी थोडा वेळ काढून वाचावे, ही विनंती.

आमची आजवरची पद्धत आधी सांगतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना आम्ही ऑप्टिमिस्ट देतो. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये मुलांसाठीच आखलेली ही चपट्या तोंडाची, पेटीसारखी होडी सुमारे २.३ मीटर लांब आणि ३५ किलो वजनाची असते. तिला एकच शीड असते आणि एकटे मूल ती सांभाळू शकते. मोठ्या मुलांना लेझर, म्हणजे हल्ली जिला आयएलसीए म्हणतात ती होडी, लहान शीड लावून देतो. जोडीने जाणाऱ्यांना फोर-ट्वेंटी मिळते. पहिले दोन दिवस सगळे शिक्षण काठावरच होते: होडीचे भाग, आठाची गाठ आणि बोलाइन ही न सरकणारी फासगाठ, वारा कुठून येतो ते गालावर ओळखणे, सुकाणू आणि शिडाचा दोर एकाच वेळी हाताळणे. तिसऱ्या दिवशी मुले पाण्यात उतरतात. होडी मुद्दाम उलटवून ती पुन्हा सरळ करण्याचा सराव मात्र आम्ही दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस, परीक्षेसारखा घेतो. जे त्यात उत्तीर्ण होतात तेच चौथ्या आठवड्यात तळ्यातल्या बेटावरच्या सफरीला जातात. तिथे एक रात्र तंबूत राहून दुसऱ्या दिवशी परत यायचे असते. महिनाभर सगळी मुले त्या एका सफरीसाठीच झुरत असतात.

गेल्या उन्हाळ्यात पाचव्या दिवशी एका अकरा वर्षांच्या मुलाची ऑप्टिमिस्ट उलटली. वारा नऊ नॉटच्या (ताशी सुमारे १७ किलोमीटर) आसपास होता, म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट मापनाची तिसरी पायरी. पाण्यावर कुठे कुठे पांढरा फेस दिसत होता. मुलगा वारा पाठीशी घेऊन येत होता, सुकाणू नकळत वळले, बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी, एका झटक्यात दुसऱ्या बाजूला गेला आणि होडी आडवी झाली. तिथेच ती थांबली असती, पण तो घाबरून वरच्या कडेला लोंबकळला आणि त्याच्या भाराने ती पूर्ण पालथी झाली. पाणी तिथे उथळ होते, त्यामुळे शिडाचे वरचे टोक तळाच्या गाळात रुतले. बचावहोडी दोन मिनिटांत पोहोचली. त्याला खरचटलेसुद्धा नव्हते. पण पालथ्या होडीतून वर आलेला डॅगरबोर्ड, म्हणजे होडीच्या तळातून पाण्यात सोडलेली उभी फळी, त्याने दोन्ही हातांनी असा धरला होता की नखे पांढरीफटक पडली होती. मी पाण्यात उतरून, त्याच्या पाठीला हात लावून, “आता सोड” म्हणालो तर तो मान डोलवायचा, पण बोटे उघडायची नाहीत. शेवटी मी एकेक बोट सोडवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखू लागले. तिसऱ्या दिवशी डोके दुखत होते, चौथ्या दिवशी पाण्यात घालायचे बूट सापडत नव्हते. “मला भीती वाटते” हे वाक्य त्याने उच्चारले नाही, आणि मुलांच्या त्या कळपात ते उच्चारता येईल अशी जागा मी केलेली नव्हती, हे मला फार उशिरा उमगले. तो परीक्षेला बसला नाही, म्हणून सफरीलाही आला नाही. आमच्या होड्या बेटाच्या वळणाआड जाईपर्यंत तो धक्क्यावर बसून राहिला होता, हे मला नंतर सहकाऱ्याने सांगितले. तो यंदा पुन्हा येणार आहे. त्याच्या वडिलांनी नाव नोंदवताना “होडी सोडून बाकी सगळे” असे लिहिले आहे.

माझा प्रश्न असा की, उलटण्याचा सराव पहिल्याच दिवशी, मुलाने अजून शीडसुद्धा भरलेले नसताना घ्यावा का? माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे आहे की त्यामुळे कच्ची मुले पहिल्याच दिवशी बिचकतील आणि मग होडीजवळच येणार नाहीत. मला उलट वाटू लागले आहे, पण एका मुलाच्या अनुभवावरून सगळा क्रम बदलणे योग्य आहे का, याची खात्री होत नाही. दुसरे असे की सफर हे परीक्षेचे बक्षीस असावे का? आणि तसे नसेल, तर ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याला बेटापर्यंत सुरक्षित कसे न्यायचे?

जुना तांडेल

तुम्ही घडलेला प्रसंग इतक्या प्रांजळपणे मांडलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझे मत स्पष्ट आहे: पहिल्याच दिवशी घ्या, आणि परीक्षा म्हणून मुळीच घेऊ नका. होडी उलटणे हा अपघात आहे असे मुलाच्या मनात एकदा बसले की प्रत्येक झुळकीला तो दोर सोडून कडेला चिकटतो, आणि तुमच्या त्या मुलासारखा नेमकी चूक तीच करतो. ती पहिल्या दिवशी, कमरेएवढ्या पाण्यात, प्रशिक्षकाचा हात होडीवर असताना उलटली, तर तिचा बाऊ राहत नाही.

क्रम मात्र सांभाळावा लागतो. आधी लाइफ जॅकेट घालून नुसते पोहणे आणि तरंगणे. जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहा. ते कानांपर्यंत सरकत असेल तर मोठे आहे, बदला. मग शीड न लावलेली होडी आडवी करणे, मग शीड लावलेली. मुलाला एवढेच सांगायचे की होडीला कधीही सोडायचे नाही, दोराला धरून मागच्या बाजूने फिरत डॅगरबोर्डपाशी जायचे आणि त्यावर हळूहळू भार द्यायचा. शिडाचा दोर मोकळा आहे याची खात्री आधी करायची, नाहीतर होडी सरळ होताच शिडात वारा भरून ती पुन्हा कलंडते. ऑप्टिमिस्ट सरळ झाली तरी पाण्याने भरलेली असते. म्हणून पाणी उपसायचे भांडे दोरीने होडीला बांधलेले असावे, आणि मुलाने मध्यभागी खाली बसून ते शांतपणे उपसावे. हे उपसणे मुलांना सर्वांत जास्त धीर देते, असा माझा अनुभव आहे, कारण त्या वेळी हातांना काम असते आणि होडी डोळ्यांदेखत हलकी होत जाते.

पालथ्या होडीखाली सापडण्याची भीती वेगळी असते. तीही झाकून ठेवू नका. होडी पालथी करून, प्रशिक्षकाने आधी स्वतः खाली जावे, तिथल्या हवेच्या पोकळीत मोठ्याने बोलावे आणि बाहेर यावे. मग ज्याची इच्छा असेल त्याने, हात धरून. ज्याची नसेल त्याने बाहेरून ऐकावे, तेवढे पुरे. आतून येणारा आपल्या शिक्षकाचा आवाज ऐकला की मुलाला कळते की तिथे अंधार आहे, पण श्वास घेता येतो.

गाळात रुतलेल्या शिडाबद्दल: उथळ पाण्यात डॅगरबोर्डवर जोराने उभे राहू नये, डोलकाठी वाकते. शीड ज्या दिशेने आत गेले त्याच्या उलट दिशेने बचावहोडीने हळू ओढावे. आणि बचावहोडीच्या चालकाने इंजिन बंद करणारी दोरी नेहमी अंगाला अडकवलेली असावी, पाण्यातल्या मुलाजवळ पोहोचताना इंजिन बंदच असावे. तुम्ही हे पाळत असालच, पण असे धागे नवे लोकही वाचतात म्हणून लिहितो.

सफरीविषयी थोडे वेगळे सांगायचे आहे. १९४१ मध्ये वेल्समधल्या अबरडोव्ही येथे शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांनी आउटवर्ड बाउंड या साहसी शिक्षण देणाऱ्या संस्थेची पहिली शाळा काढली. युद्धात जहाज बुडाल्यावर बचावहोडीत बसलेले तरुण खलाशी अनुभवी वयस्कांच्या आधी हाय खातात, अशी होल्ट यांची धारणा होती. म्हणून त्या शाळेत सफर हे शिक्षणाचे बक्षीस नव्हते, ते शिक्षणच होते. तुमच्या बेटाकडे तसे पाहता येईल. प्रत्येक मुलगा जाईल, फक्त कोणत्या होडीत आणि कोणत्या कामावर जाईल ते वेगळे असेल.

दोन मुलांची आई

मला होडीतले काही कळत नाही, पण तुमचा पोटदुखीचा परिच्छेद वाचून राहवले नाही. माझा धाकटा अशाच एका शिबिराहून आला तेव्हा सगळे “मस्त” होते. दोन महिन्यांनी, दिवे घालवल्यावर अंधारात, त्याने विचारले की होडी उलटल्यावर रडलो तर ते पाण्यात दिसते का. मुले हे इतर मुलांसमोर बोलत नाहीत आणि आईवडिलांना पत्रातही लिहीत नाहीत. तेव्हा एक सुचवते: रोज पाण्यातून आल्यावर, होड्या धुताना, प्रत्येकाशी एकेकट्याने दोन वाक्ये बोलता आली तर पाहा. समोरासमोर बसवून विचारू नका. हातात काम असले आणि नजर दुसरीकडे असली की मुलगे बोलतात.

आणि त्या मुलाच्या वडिलांनी “होडी सोडून” लिहिले आहे, ते त्याने सांगितल्यावरूनच लिहिले असणार. शिबिराआधी तुम्ही त्याच्याशी स्वतः फोनवर बोलावे, असे मला वाटते.

धागाकर्ता

तांडेलसाहेब, ताई, दोघांचे मनापासून आभार. ताई, तुमच्या मुलाचा प्रश्न मी माझ्या सर्व प्रशिक्षकांना वाचून दाखवणार आहे.

काल त्या मुलाशी फोनवर बोललो. मी आधी माझी चूक सांगितली, की उलटल्यावर काय करायचे हे त्याला शिकवण्याआधीच मी त्याला वाऱ्यात सोडले होते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मला वाटलं सगळ्यांना आधीच येत होतं.” पुढे त्याने विचारले की होडी उलटवताना पाणी कुठपर्यंत असेल. मी म्हणालो, तुझ्या कमरेपर्यंत, आणि मी शेजारी उभा असेन. होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही.

क्रम आता असा लिहिला आहे की पहिल्या दिवशी दुपारी सगळ्यांचा, प्रशिक्षकांसकट, उलटण्याचा सराव होईल आणि पहिली होडी मी उलटवेन. पहिला आठवडा ऑप्टिमिस्टमध्ये दोघे दोघे बसतील. वारा वाढला तर शिडाची तिरपी काठी, म्हणजे स्प्रिट, काढून शीड लहान करू. सफरीत ज्यांचा हात बसलेला नाही त्यांना मोठ्या होडीत प्रशिक्षकासोबत सुकाणूवर बसवू. वारा अकरा नॉटच्या वर, म्हणजे चौथ्या पायरीवर गेला, तर ऑप्टिमिस्ट एकामागे एक दोराने बांधून ओढत नेऊ. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद किंवा त्याहून कमी गेले तर सगळे काठावर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे कोणीही पाण्यात नाही, हा नियम पूर्वीपासून आहे आणि तसाच राहील.

एक अडचण उरली आहे. होडी पालथी होऊ नये म्हणून शिडाच्या वरच्या कोपऱ्याला हवा भरलेला लहान फुगा बांधावा, असे एका सहकाऱ्याने सुचवले. पहिल्या आठवड्यापुरते हे करावे का? मुलांना त्याची सवय लागून पुढे घात तर होणार नाही ना?

जुना तांडेल

जरूर बांधा. दोरी आखूड आणि गाठ पक्की ठेवा, म्हणजे ती बूमला किंवा मुलाच्या हाताला अडकणार नाही. फुग्यामुळे होडी आडवीच राहते आणि मुलाला डॅगरबोर्डपर्यंत पोहोचायला वेळ मिळतो. सवयीची काळजी नको, कारण त्याला शिकायचे असते ते डॅगरबोर्डपर्यंत जाणे, आणि ते फुगा असला तरी तसेच करावे लागते. दुसऱ्या आठवड्यात एकेका होडीचा फुगा काढत चला, आणि कोणाचा आधी काढायचा ते त्या मुलालाच विचारा. तुमच्या त्या मुलाचा फुगा शेवटपर्यंत राहिला तरी चालेल. बेटापर्यंत तो फुग्यासकट जाऊ शकतो.