भिंतीवर टीव्ही, हातात एक मोबाइल आणि समोर चार वर्ग: प्रकल्प घ्यायचा तरी कसा?

द्विशिक्षकी मास्तर (जिंतूर तालुका, जि. परभणी), २० जून

नमस्कार मंडळी. आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, पट ३१. पहिली-दुसरी मॅडमकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. मॅडम बैठकीला गेल्या की चारही माझ्याच.

मागं एका वर्षी सोयाबीनला बरा भाव होता, तेव्हा गावानं लोकवर्गणी करून शाळेला टीव्ही घेतला. त्यावर चालतं काय, तर कविता. आता टीव्ही बंद असला तरी लेकरं त्याच चालीत म्हणतात. रेंज मागच्या बाभळीखाली येते, वर्गात नाही.

परवा शिक्षण परिषदेत सांगितलं, तंत्रज्ञान वापरून प्रकल्प घ्या. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात प्रकल्पाचा रकाना २०१० पासून आहेच आणि आपण तो भरतोही. कसा भरतो ते तुम्हाला काय सांगायचं! दुकानातून प्राण्यांचा चार्ट आणायचा, चित्रं कापून वहीत चिकटवायची, खाली अक्षर मोठ्या बहिणीचं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हापासून आमच्याकडं तंत्रज्ञान म्हटलं की क्यूआर कोड. कोड चिकटवायला माझी ना नाही, पण स्कॅन करणार कोण? घरात मोबाइल एकच, तो बापाबरोबर रानात.

लेकरं खरंच काही शोधतील असं कुणी केलंय का? फोटोपुरतं नको.

औसेकर बाई, २० जून

सर, आधी तो टीव्ही विसरा. ज्याचं उत्तर पुस्तकात नाही, मोबाइलवर नाही, फक्त तुमच्या गावात आहे असा प्रश्न धरा. आम्ही धरला तो असा: आपल्या गावात पाऊस किती पडला?

कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या, पण सरळ अंगाची. कमरेत दबलेली नको. वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवला की नरसाळं तयार. बुडाला वळ्या असतात, तिथं माप चुकतं. म्हणून तळाशी खडे टाकायचे, वळ्या बुडेपर्यंत पाणी भरायचं आणि तिथं शून्याची खूण करायची. खड्यांनी बाटली वाऱ्यात पडतही नाही. खुणेपासून वर पट्टी चिकटवा. झाडापासून, पत्र्याच्या वळचणीपासून लांब ठेवा.

माप सकाळी साडेआठला घ्यायचं, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला संपतो. शाळा तेव्हा भरलेली नसते, म्हणून शेजारच्या दोन पोरी नेमल्या. एक म्हणायची १४, दुसरी म्हणायची १६. भांडण रोजचंच. तिथं मोबाइल कामाला आला. डोळा पाण्याच्या रेषेला आणून पट्टीचा फोटो काढायचा आणि दहाला सगळ्यांनी मिळून वाचायचा. तंत्रज्ञान एवढंच.

आणि एक सांगते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी धरतात, हे गावात सगळ्यांना पाठ असतं. त्यामुळं आठवडाभरातच म्हातारी माणसं शाळेत येऊन विचारायला लागली, "बाई, पोरायची बाटली काय म्हणती?"

कंधारी, २१ जून

बाई, छान आहे, पण खरं बोलू का? माझ्या तिसरीतल्या निम्म्या लेकरांना जोडाक्षर वाचता येत नाही. वर निपुणची, म्हणजे लेकरांना वाचता-मोजता येतं का याची, तपासणी. बाटल्या मोजत बसलो तर वाचन कधी घ्यायचं? प्रकल्पात हुशार चौघं काम करतात आणि बाकीचे बाटलीभोवती उभे राहतात, हा माझा अनुभव.

औसेकर बाई, २१ जून

उभे राहतात, खरंय. मी पहिल्या वर्षी तेच केलं होतं. नंतर कामं वाटली. पहिलीनं कॅलेंडरवर ऊन, ढग, पाऊस रंगवायचा. दुसरीनं आकडा वाचून फळ्यावर लिहायचा. तिसरीनं आठवड्याची बेरीज, चौथीनं आलेख. आणि रोज एका लेकरानं दोन ओळी लिहायच्या. 'काल रात्री पाऊस आला. आमचं छप्पर गळलं.' तीच ओळ दुसऱ्या दिवशी वर्गाचा वाचनपाठ. 'छप्पर' वाचायला माझ्याकडं कुणी अडलं नाही.

पेनड्राइव्हवाला, २२ जून

टीव्हीचं सांगतो. त्याला नेट लागतच नाही. मोबाइलमधले फोटो पेनड्राइव्हवर घ्या, मागं लावा, झालं. दीक्षा या सरकारी अ‍ॅपवरचे व्हिडिओही तालुक्याला गेल्यावर त्यातच डाउनलोड करून ठेवता येतात, शाळेत नेटशिवाय चालतात. फक्त पावसाळ्यात प्लग काढून ठेवत जा. आमचा विजेत गेला.

द्विशिक्षकी मास्तर, १७ सप्टेंबर

मंडळी, तीन महिने गप्प होतो. झालं ते सांगतो.

पहिल्याच आठवड्यात कोरड्या दिवशी बाटलीत ९० मिलिमीटर. कुणीतरी हापशाचं पाणी ओतलं होतं. मी रागावणार, तेवढ्यात चौथीतली एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, दुसरी बाटली पायजे. दोन्हीत सारखं आलं तरच खरं." मग तीन केल्या: शाळेत, मंदिराजवळ आणि ओढ्यापलीकडं शेतातल्या एका आखाड्यावर.

जुलैतल्या एका रात्री शाळेत ४१ मिलिमीटर आणि आखाड्यावर १८. दोन्हींत अंतर दीड किलोमीटर. लेकरं म्हणाली आखाड्याची बाटली फुटली असंल, म्हणून फोटो टीव्हीवर मोठा करून पाहिला. बाटली धड होती. त्या दिवशी मराठीचा तास गेला तो गेलाच.

मग शाळेच्या छतावर किती पाणी पडलं त्याचा हिशेब घेतला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. टेपनं पत्रे मोजले, १२ बाय ६ मीटर. त्या एका रात्रीचं पाणी २,९५२ लिटर. आमची टाकी ५०० लिटरची. लेकरं गप्पच झाली. मग एकानं विचारलं, "मंग उन्हाळ्यात टँकर कामून आणतेत?" हा प्रश्न मी शाळा व्यवस्थापन समितीत जसाच्या तसा वाचला. पन्हाळीच्या पाइपाला पैसे निघालेत, टाकीचं बघू.

आज मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर तीन महिन्यांचा आलेख टीव्हीवर लावला. अर्ध्यात लाइट गेली. तर पोरांनी वहीतून वाचून दाखवलं आणि माणसं उठली नाहीत.

कंधारी सर, तुमचं म्हणणं अजून पटतं. दोघंजण अजूनही नुसते उभे असतात.

आता पुढचं. दिवाळीनंतर विहिरींची पाणीपातळी मोजावी म्हणतो. पण तोवर पाच लेकरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातील. त्यातली एक ती दुसरी बाटली मागणारी. आजीजवळ ठेवा म्हणून घरी बोलायला जाणार आहेच, पण नाहीच ऐकलं तर तिला यात कसं ठेवू?

औसेकर बाई, १७ सप्टेंबर

विहिरी कठड्याच्याच घ्या आणि दोर मोठ्या माणसाच्या हातात.

हंगामी वसतिगृहाचंही विचारून बघा. गेलीच तर तिला एक थर्मामीटर द्या. पहाटे कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, किती आणि बाहेर किती, एवढं वहीत लिहायचं. आठवड्याला मुकादमाच्या फोनवरून तुम्हाला सांगायचं. गावातली लेकरं तेच शाळेत मोजतील. उसाच्या मोळ्या मोजायला मात्र सांगू नका, त्या ती मोजतेच.